शीळ आणि सामायिक

म्हसावदला मदनलाल शेठजींचं दुकान होतं, धान्याचं आणि कापडाचं. पुढे दुकान, मागे घर, घराच्या मागे ज्वारीच्या पोत्यांची खोली. त्या खोलीला लागून आणखी एक लहानशी खोली होती. तिच्यात बदामबाई राहत.

बदामबाई शेठजींची थोरली सून. मारवाडातून लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्यांनी आयुष्यात एवढी काळी जमीन पाहिली नव्हती. लग्नाची मेंदी पुरती उतरली नव्हती तेवढ्यात इन्फ्लुएंझाची साथ आली. नवरा गेला. बदामबाई राहिल्या. माहेरी परत जायची चाल नव्हती. गडद ओढणी डोक्यावर आली, ती कायमची.

तेव्हा धाकटा दीर दीपचंद लहान होता. शर्टाच्या गुंड्याही त्याला लावता येत नसत. सासू अंथरुणाला खिळलेली. पोराला भरवायचं, न्हाऊ घालायचं, रात्री गोष्ट सांगून निजवायचं, सगळं बदामबाईंकडे आलं. ते पोर मोठं झालं, धुळ्याला जाऊन मॅट्रिक झालं, ओठावर मिशी आली. पण घरात शिरलं की पहिली हाक तीच.

"भाभी!"

दिवसभर त्या घरात हाच आवाज असे. भाभी, माझी टोपी. बदाम, ताक आण. मधल्या जावेची पोरं म्हणत, मोठी आई, हा मला मारतो. बदामबाई एका हाकेकडून दुसऱ्या हाकेकडे जात. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र फारसा कुणी ऐकला नव्हता. सासऱ्यांसमोर त्या बोलत नसत. दुकानात गिऱ्हाईक असलं तर मागच्या दारातून बांगडीसुद्धा वाजत नसे. तशीही ती हातात उरली नव्हती.

फक्त पहाटे त्यांना कुणी हाक मारत नसे. त्या वेळी त्या सामायिक करत.

जैनांची सामायिक म्हणजे दोन घटका एका आसनावर बसायचं. तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती बांधायची. समोर रेतीची घडी उलटी करून ठेवायची. वरची रेती खाली येईपर्यंत संसारातलं बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही, कुठल्याही जिवाला धक्का लागेल असं काही करायचं नाही. जीव म्हणजे नुसती किडामुंगी नव्हे. कच्चं, न उकळलेलं पाणी, पेटता दिवा, हिरवं पान, अख्खा दाणा, या सगळ्यांत जीव आहे. सामायिकात त्यांना हातसुद्धा लावायचा नसतो. दिव्याचा उजेड अंगावर नको म्हणून बदामबाई अंधारातच बसत. सामायिकात बसलेल्या बाईला घरातलं कुणी उठवत नाही. त्या दोन घटका बदामबाई कुणाच्या कोणी नव्हत्या.

इतक्या वर्षांत त्यांनी एकही सामायिक अर्धी सोडली नव्हती. एकदा विंचू निघाला होता. तो आसनाजवळून गेला. बदामबाई बसून राहिल्या.

दीपचंदला रेडिओचं वेड लागलं ते धुळ्याला. त्याने सेट जमवला. त्याची बॅटरी शहाद्याच्या कापसाच्या जिनिंगमधून भरून यायची. मुंबईचं गाणं खरखरत लागायचं. दुकानाच्या ओट्यावर गर्दी व्हायची. मदनलालजींनाही ते बरं वाटे, कारण गर्दीतली चार माणसं कापड बघून जात.

मग नंदुरबार स्टेशनातले तारमास्तर बन्सीलाल एकदा दुकानात आले. त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. लांब पल्ल्याच्या तारेला कानाचा फोन लावून बसलं, की कुणी बोलत नसतानाही तारेत आवाज येतात. कडकड येते, ती दूरदेशीच्या विजांची. आणि क्वचित एखाद्या पहाटे शीळ येते. कुणाची, ते कुणालाच माहीत नाही.

झालं. दीपचंदचा मुंबईच्या गाण्यातला जीवच गेला.

त्याने बंद पडलेल्या एका जिनिंगच्या कुंपणाची तार मिळवली. घराच्या मागच्या भिंतीपासून निघून ती सुकलाल पाटलाच्या शेतातून, बाभळीच्या खांबांवरून, विहिरीवरून, पार नाल्यापर्यंत गेली. दीपचंद कानाला फोन लावून बसू लागला. गाणं नाही, बोलणं नाही. नुसतं कडकड, टिकटिक. तापलेल्या तव्यावर मीठ पडावं तसं.

सुकलाल रोज दुकानात येई. आल्याआल्या विचारी, "काय दीपचंदभाऊ, तुन्ही तार काय म्हनी ऱ्हायनी आज?"

"शीळ घालते."

"शीळ? कोनले? मन्ही म्हैस तं त्याच ताराखाले बांधेल शे. तिनी काही मान वर करी नही!"

ओटा हसे. दीपचंदही हसे. पण आत जाऊन तो कान चोळी. ते बदामबाईंना दिसे.

कारण असं होतं. आदल्या वर्षी तो काठी गावच्या होळीला कापडाचे गठ्ठे घेऊन सातपुड्यात गेला होता. परत आला तो ताप घेऊन. थंडी वाजून येई, दात दातांवर आपटत. डॉक्टरांनी हिवतापावर कोयनेल दिलं. भरपूर दिलं. ताप गेला, पण कानांत बारीक वाजत राहिलं. कधी किणकिण, कधी शिट्टी. बसल्याबसल्या तो तळहाताने कानावर थापट्या मारी, जणू आत पाणी गेलंय.

आणि तारेतली शीळ त्याने पहिल्यांदा ऐकली ती या तापानंतर.

"तुमच्याशिवाय कुणी ऐकली?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

कुणी ऐकली नव्हती. कुणी तेवढा वेळ बसतच नसे. मुनीम बसला, त्याला झोप लागली. सुकलाल बसला, त्याने थोड्याच वेळात फोन काढून ठेवला. "ह्या तं तवावर वाटाना फुटी ऱ्हायना," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

मदनलालजींचा धीर सुटत चालला होता. एका दुपारी जेवताना ते बोलले.

"तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. मुलगा न वाजलेलं ऐकतो, हे सांगू का त्या लोकांना?"

"वाजतं ते, बापूजी."

"कुणाला वाजतं?"

दीपचंदने घास तसाच ठेवला. दाराआड बदामबाई पोळीवर तूप लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला एवढंच कळायला हवं," दीपचंद म्हणाला. "ती शीळ आभाळातली आहे की माझ्या डोक्यातली. डोक्यातली असेल तर मी स्वतः तार तोडीन. त्या खोलीत परत पाऊल टाकणार नाही. तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे जाईन."

"होळीच्या आत ठरव," मदनलालजी म्हणाले. "मला घरात असं पोर बघवत नाही." आणि ते पाणी मागत उठले.

त्या संध्याकाळी दीपचंद बदामबाईंच्या दाराशी येऊन बसला. लहानपणी बसे तसा, उंबऱ्यावर.

"भाभी, तुमच्याइतकं गप्प या गावात कुणी बसत नाही. पहाटेच्या सामायिकात एका कानाला फोन लावाल का?"

"वेडे आहात का, लालजी?" दिराला त्या लालजीच म्हणत. "त्यात बॅटरी असते. बॅटरीत आग. सामायिकात आगीला हात लावू?"

"आणि बॅटरी नसली तर?"

"नसली तर तुमचं चालतं का?"

"तार आणखी लांब केली तर चालेल. आवाज बारीक येईल. पण नुसती तार, नुसता फोन. आग नाही."

बदामबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस त्यांनी विचार केला. सामायिकात मन दुसरीकडे न्यावं का? मग त्यांच्या मनात आलं, पावसाळ्यात आपण बसलेलो असतो आणि आभाळ गडगडतं. ते काय ऐकू येत नाही? त्याने काय सामायिक मोडते? तिसऱ्या दिवशी धान्य निवडता निवडता त्या म्हणाल्या, "शीळ कशी असते ते सांगा."

"ते सांगणार नाही," दीपचंद म्हणाला. "आणि ऐकल्यावर तुम्हीही मला तोंडाने सांगायचं नाही. मी विचारलं की तुम्ही मायेनं हो म्हणाल. मला तुमची माया नको आहे, भाभी. तुमचा कान हवा आहे."

बदामबाईंना हे लागलं. पण खरं होतं. त्या नक्कीच हो म्हणाल्या असत्या.

मग युक्ती ठरली. बदामबाई आत बसणार, दीपचंद भिंतीपलीकडे ओसरीवर. एक फोन आत, एक बाहेर. दोघांजवळ एकेक थाळी कवड्यांची, एकेक रिकामी वाटी. शीळ ऐकली की एक कवडी वाटीत टाकायची. घडी संपली की खिडकीतून वाट्या बघायच्या. मदनलालजींनीही ते मानलं. "बदामच्या वाटीत असेल ते खरं," ते म्हणाले.

दीपचंदने तार नाल्यापलीकडे वाढवली. माघ महिन्याची थंडी होती. पहिल्या पहाटे बदामबाईंनी मुहपत्ती बांधली, घडी उलटी केली आणि फोन कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग फार लांबून, फार बारीक, काहीतरी तडतडलं. मग पुन्हा. मग त्या तडतडीला टोक येऊ लागलं, टिंग, टिंग, भांड्याला नख लागावं तसं. त्यांना आश्चर्य वाटलं. पोत्यांच्या खोलीशेजारी, या अंधारात, आपण बसलो आहोत आणि कुठेतरी समुद्रापलीकडे वीज पडते आहे, ती आपल्याला कळते आहे. त्यांना कधी कुणी शेजारच्या गावचं वर्तमानही सांगितलं नव्हतं.

त्या पहाटे दोन्ही वाट्या रिकाम्या राहिल्या. दुसऱ्याही. नंतरच्या काही पहाटेही तसंच. दीपचंदचा चेहरा उतरत चालला होता, पण बदामबाईंना मात्र त्या तडतडीची ओढ लागली. घडी संपली की फोन काढताना त्यांना जड वाटे. त्या कुणाला हे बोलल्या नाहीत.

होळी तोंडावर आली. मदनलालजी म्हणाले, "उद्या शेवटचं."

त्या शेवटच्या पहाटे दीपचंद थाळ्या मांडायला आला तर कवड्या जागेवर नव्हत्या. आदल्या दुपारी मुलांनी त्या खेळायला नेल्या होत्या. अंधारात कुठे शोधणार? बदामबाई तर आसनावर बसल्या होत्या, घडी सुरू झाली होती. त्याने शेजारच्या खोलीत पोत्यात हात घातला आणि दोन्ही थाळ्या भरल्या. वाटी कलंडू नये म्हणून ती थाळीतच, दाण्यांत दाबून बसवली. बदामबाईंसमोर थाळी ठेवली आणि तो पाय न वाजवता ओसरीवर गेला.

बदामबाईंनी डोळे मिटले होते.

तडतड चालू होती. आणि मग ती आली.

अगदी उंच, सुईच्या टोकासारखी. आणि तिथून ती खाली येऊ लागली. घसरत, लांबत, न तुटता, खाली, आणखी खाली. कुणीतरी आभाळाच्या छतावरून सोडलेला सुस्कारा असावा तशी. आणि मग नव्हतीच.

बदामबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी डोळे उघडले. हात थाळीकडे नेला आणि सवयीने थांबवला. न बघता त्या कशालाच हात लावत नसत. खिडकीत राखाडी उजेड आला होता. त्या वाकल्या.

थाळीत ज्वारी होती. अख्खी, टपोरी, जिवंत ज्वारी.

त्यांनी हात मागे घेतला.

दाणा उचलायचा नाही. वाटीही दाण्यांतच रुतलेली, म्हणजे तिलाही शिवायचं नाही. वाटीत दुसरं काही टाकलं तरी धक्का दाण्यांनाच. मान वळवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे दीपचंदने आत्ता आपला दाणा टाकला असेल. तो वाट बघत असेल.

त्या पुन्हा ताठ बसल्या. घडी संपेल तेव्हा बघू, असं मनाशी म्हणाल्या. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. पहिल्यापेक्षा बारीक, पण तीच. उंचावरून खाली. बदामबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, का ते त्यांनाही कळलं नाही.

रेती अजून बोटभर उरली होती. तेवढ्यात खिडकीत दीपचंद दिसला.

त्याला घडी संपेपर्यंतही दम निघाला नव्हता. त्याने आत वाकून पाहिलं. बदामबाईंची वाटी रिकामी होती. तो बराच वेळ बघत राहिला. बदामबाईंनी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, ज्वारीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो मात्र वाटीकडेच बघत होता.

"झालं, भाभी," तो हळूच म्हणाला. "माझ्या वाटीत पाच आहेत."

तो वळला. पुढच्या ओट्यावरून त्याचा आवाज आला, "बापूजी, तार काढतो." मग खुंटीवरून पकड काढल्याचा आवाज. मग मागच्या अंगणात पावलं.

बदामबाईंनी घडीकडे पाहिलं. रेती आपल्या चालीने पडत होती.

तार काय, पुन्हा बांधता येईल. पण तार हा प्रश्नच नव्हता. घडी संपल्यावर आपण जाऊन सांगितलं, लालजी, मी ऐकली, तर तो हसेल. म्हणेल, माया. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आणि मग तो पुन्हा कधी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवणार नाही. पुढे कुणी हाक मारली तरी त्याला वाटेल, ही खरी का?

अंगणात पकडीची पहिली कुरकुर झाली. तार थरथरली. ती थरथर फोनमधून थेट बदामबाईंच्या कानात आली.

बदामबाईंनी मुहपत्ती खाली ओढली.

"लालजी!"

हा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. ओट्यावर मदनलालजींच्या हातातलं दातण पडलं. पोत्यांच्या खोलीतली मांजर उडी मारून पळाली. चुलीपाशी सासूबाईंचे पाय चेपणारी दगूबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आई वं! हाई कोन बोलनं?"

"लालजी, तोडू नका! मी ऐकली!"

दीपचंद धावत आला. हातात पकड तशीच. दारात थबकला. बदामबाई आसनावर होत्या, मुहपत्ती गळ्यात, घडीतली रेती अजून पडत होती. त्याने घडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"भाभी... तुम्ही सामायिक मोडलीत?"

"मोडली."

मदनलालजी त्याच्या मागे येऊन उभे राहिले. बदामबाईंनी डोक्यावरची ओढणी पुढे घेतली, पण या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. सासऱ्यांकडे न बघता त्या दीपचंदला म्हणाल्या, "समोर बघा काय ठेवलंय ते."

दीपचंदने पाहिलं. एक क्षण त्याला कळलं नाही. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला, पकडीसकट.

"ज्वारी!"

"जैनाच्या घरात जन्मलास," मदनलालजी म्हणाले, "आणि सामायिकात बसलेल्या बाईसमोर कच्चे दाणे मांडतोस? कान राहू दे तुझे. डोकंच आधी दाखवायला हवं."

दगूबाई तोंडाला पदर लावून हसली. पण मदनलालजी हसत नव्हते. ते सुनेकडे बघत होते. इतकी वर्षं घरात वावरणाऱ्या या बाईकडे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. विंचू निघाला त्या पहाटे तेही दारात उभे होते.

"बदाम सामायिक मोडून बोलली," ते म्हणाले. "मला आता दुसरं काही विचारायचं नाही. तार राहू दे."

आणि ते गेले. जाताना ते पडलेलं दातण उचलायचंही विसरले.

दीपचंद खाली बसला. एकदम सगळं विचारायचं होतं त्याला. "कशी होती, भाभी? किती वेळा? पहिली कधी आली?"

बदामबाईंनी हात वर केला. थांबा. ज्वारीची थाळी त्याला उचलायला लावली. मुहपत्ती पुन्हा बांधली. हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशीचा उपवास त्या तिथेच बोलल्या असाव्यात. मग त्यांनी घडी उचलली, उलटी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मोडलेली सामायिक पुरी करायला हवी होती.

दीपचंद ओसरीवर जाऊन बसला. पाखरं बोलू लागली. शेताकडे गाड्या निघाल्या. सुकलाल तारेखालून म्हैस नेताना ओरडला, "काय भाऊ, काय म्हनस तार?" दीपचंदने त्याला हाताने जा म्हटलं. आतून ना शब्द, ना हालचाल.

घडी संपली. बदामबाईंनी मुहपत्ती सोडली, दुमडून ठेवली, आसन गुंडाळलं. मग त्या खिडकीशी आल्या.

"उंचावर सुरू होते," त्या म्हणाल्या. "फार उंचावर. मग घसरत खाली येते. खाली, खाली. कुठे संपली ते कळत नाही."

दीपचंदने भिंतीला डोकं टेकलं. ती खाली येते, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सुकलालला नाही, डॉक्टरला नाही, बापूजींना नाही.

"तशीच," तो म्हणाला. "अगदी तशीच."

"हं."

"म्हणजे आहे ती."

"आहे, लालजी."

तो हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मग त्याने आपली वाटी पुढे ओढली. पाच दाणे होते. त्याने ते तळहातावर घेतले.

"पाचही ऐकल्यात?"

हो म्हणणं सोपं होतं. तो आता त्याला माया म्हणणार नव्हता.

"मी दोन ऐकल्या," त्या म्हणाल्या.

दीपचंदने तळहाताकडे पाहिलं. दाणे सगळे सारखेच होते.

"मग बाकीच्या तीन?"

"त्या तुमच्या कानांतल्या," बदामबाई म्हणाल्या. "त्या मला कशा ऐकू येतील?"